कार्बुरायझिंगचे ट्रे चार महिन्यांत तडकतात: नवा मिश्रधातू करायचा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बडोद्याला मकरपुऱ्यात फाउंड्री आहे. २५ टक्के क्रोमियम, २० टक्के निकेलच्या उष्णता सोसणाऱ्या पोलादाचे (त्यालाच एचके म्हणतात) ट्रे ओतता. गिऱ्हाईक ते ९३० अंशांवर कार्बुरायझिंगला (सुटे भाग तापवून त्यांच्या कातडीत कार्बन मुरवायला) वापरतो, ८४० ला आणून थेट तेलात बुडवतो, आणि चार महिन्यांत तडे जातात. म्हणून सिलिकॉन कार्बाइडची पूड घालून कॉम्पोझिट करावा, की टंगस्टन-कोबाल्ट घालून स्वतःचा मिश्रधातू काढावा?

पूड तर डोक्यातून काढूनच टाका. सिलिकॉन कार्बाइड पोलादाच्या रसात टिकत नाही, विरघळून जातं. बिडाच्या भट्टीत कार्बन आणि सिलिकॉन वाढवायला तेच टाकतात, हे तुम्हाला माहीत असेलच. ॲल्युमिनियममध्ये ते चालतं, पण ॲल्युमिनियम ६६० लाच वितळतं. ॲल्युमिनाचे तुकडे ओतकामात बसवायचे म्हटलं तर पोलाद ॲल्युमिनाच्या दुपटीने प्रसरण पावतं. पन्नास वेळा तेलात बुडवलं की तुकडे खुळखुळायला लागतील. टंगस्टन-कोबाल्टचा खर्च क्रीप (तापलेला धातू भाराखाली हळूहळू ताणला जाणं) रोखायला करतात: भट्टीच्या रेडियंट ट्यूब, हार्थ रोल, म्हणजे तापलेल्या अवस्थेत सतत भार सोसणारी कामं. तुमचा ट्रे भाराने वाकत नाहीये, तो तडकतोय.

आधी तो कशाने मरतो ते पाहा. तुटलेल्या ट्रेचा तुकडा आणि त्याच हीटचा (एका वेळी वितळवलेल्या रसाचा) न वापरलेला तुकडा शेजारी ठेवून चुंबक लावा. जुना जोरात चिकटला आणि नवा नाही, तर कार्बन आत शिरून क्रोमियमचे कार्बाइड झालेत आणि उरलेल्या धातूत क्रोमियम कमी पडलंय. चुंबक फारसा धरत नाही, पण सरळ करायला हातोडा मारताच ट्रे काचेसारखा फुटतो, तर सिग्मा फेजचा (लोह-क्रोमियमच्या ठिसूळ संयुगाचा) संशय घ्या. एचके ६५० ते ९०० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळला की सिग्मा तयार होते, आणि तुमचा ८४० चा थांबा नेमका त्यात येतो. सिलिकॉन जास्त असेल तर ती लवकर होते. तिसरा प्रकार, रिब (ट्रेच्या जाळीच्या पट्ट्या) जिथे एकमेकींना छेदतात तिथूनच तडे निघणं, हा शुद्ध थर्मल फटीग (पुन्हा पुन्हा तापून-थंड होऊन आलेला थकवा) आहे. खात्रीसाठी तुकडा पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली बघाच. कलाभवनात (सयाजीराव विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग फॅकल्टीत) मेटलर्जी विभाग हाकेवर आहे, तिथे विचारा.

तेलात बुडणाऱ्या ट्रेला माझं मत ३८ टक्के निकेल, १९ टक्के क्रोमियम, निओबियमसह. कार्बन ०.३५ ते ०.४५, सिलिकॉन १.५ ते २, मँगनीज १.५ च्या आत, निओबियम १.२ ते १.५. निकेल वाढलं की कार्बन आत मुरणं मंदावतं आणि सिग्माचा प्रश्न जवळजवळ मिटतो. निओबियम कार्बनला आधीच बांधून ठेवतं (१.२ टक्के निओबियम सुमारे ०.१५ टक्के कार्बन अडवतं), त्यामुळे ग्रेनच्या (धातूच्या कणांच्या) कडांवरची कार्बाइडची अखंड साखळी तुटते. तडा त्या साखळीवरूनच धावत असतो. सिलिकॉन कार्बन अडवायला उपयोगी, पण २ च्या वर गेलं की ओततानाच हॉट टिअर (गोठताना पडणारे तडे) येतात आणि वेल्डिंग अवघड होतं. एक पथ्य मात्र: जास्त निकेलला गंधकाचं वावडं आहे. निकेल आणि निकेल सल्फाइडचं मिश्रण ६४० अंशांच्या आसपासच वितळतं. ट्रेवरचं तेल न धुता तो परत भट्टीत जात असेल आणि तेलात गंधक असेल, तर हा महाग ट्रे एचकेपेक्षाही लवकर जाईल.

५०० किलोच्या हीटचं गणित. १.२ टक्के म्हणजे ६ किलो निओबियम. फेरो-निओबियम ६५ टक्क्यांचं आणि ९२ टक्के रिकव्हरी (रसात प्रत्यक्ष उतरणारा हिस्सा) धरली तर १० किलो लागेल. ते शेवटी, स्लॅग काढून, डीऑक्सिडेशननंतर (रसातला ऑक्सिजन काढल्यावर) टाका. क्रोमियम मुख्यतः लो-कार्बन फेरोक्रोममधून घ्या. सगळं हाय-कार्बनमधून घेतलं तर रसात २ टक्के कार्बन होईल. हाय-कार्बन (७ टक्के कार्बनचं) २५ किलो टाकलं की कार्बन ०.३५ ने वाढतो, तेवढंच पुरे.

आता गिऱ्हाइकाकडून परत आलेले जुने ट्रे. बहुतेक फाउंड्रीत खरी गडबड इथेच असते आणि कुणी बोलत नाही. त्यांच्या कातडीत कार्बन दीड-दोन टक्क्यांपर्यंत गेलेला असतो, वर तेल आणि स्केल. वजन करून सरळ चार्जमध्ये (भट्टीत भरायच्या मालात) ढकलले की पुढचा ट्रे जन्मतःच ठिसूळ. वेगळे वितळवून पिग (साध्या लाद्या) करा, विश्लेषण करा, मग मोजून वापरा. गॅल्व्हनाइज्ड पत्रा किंवा शिसं चार्जमध्ये अजिबात नको. स्पेक्ट्रोचा (घटक मोजणाऱ्या यंत्राचा) नमुना तांब्याच्या साच्यात झटकन थंड केलेला हवा. सावकाश थंड झालेल्या नमुन्यात कार्बाइड मोठे होतात आणि कार्बनचा आकडा भरवशाचा राहत नाही, म्हणून कार्बन अधूनमधून ज्वलन पद्धतीने पडताळा.

ओतण्याचं तापमान पातळ रिबसाठी १५०० ते १५५०. साचा भरत नाही म्हणून १६०० ला नेऊ नका, ग्रेन जाड होतात. त्यापेक्षा गेट (साच्यात रस जायची वाट) वाढवा.

पॅटर्नवरही (साचा ज्यावरून घेतात त्या नमुन्यावर) पैसे घाला, कारण निम्मं आयुष्य आकारात आहे. ९०० मिमीचा ट्रे ८४० वरून ७० अंशांवर येताना बारा मिमीच्या आसपास आक्रसतो. रिब आधी थंड होते, रिब छेदतात ती गाठ मागे राहते, आणि ओढाताण गाठीत होते. ८ मिमी रिब आणि ६ मिमी फिलेट (कोपऱ्याची गोलाई) धरली तर अधिकच्या चिन्हासारख्या छेदात १६ मिमी व्यासाचं वर्तुळ बसतं, म्हणजे तिथे दुप्पट जाडी. तीच रिब सरकवून छेदाचे दोन टी-आकाराचे सांधे केले तर १३ मिमी. तेही नको असेल तर छेदाच्या मध्ये भोक ठेवा. बाहेरची चौकट रिबपेक्षा जाड करू नका. मजबुतीसाठी म्हणून गिऱ्हाईक हाच हट्ट धरतो. मोठा ट्रे एकसंध ओतण्यापेक्षा लहान तुकडे सैल पिनांनी जोडा.

चाचणीसाठी एचकेचे तीन आणि नवे तीन ट्रे एकाच भट्टीत, एकाच थप्पीत द्या, हीट नंबर ओतकामातच उठवा. दर महिन्याला धुवून, वाळवून वजन घ्या: वाढ म्हणजे कार्बन शिरतोय, घट म्हणजे स्केल सुटतोय. फेऱ्या मोजायला गिऱ्हाइकाच्या ऑपरेटरला वही द्या. निकेलचा खर्च जवळपास दुप्पट होणार, तेव्हा दर किलोवर नका सांगू, फेरीमागे सांगा.