मैये-ब्रेझे: आधी साल ठरवा, मग रेघ ओढा

'मैये-ब्रेझे' या फ्रेंच विनाशिकेचं साइड प्रोफाइल, म्हणजे बाजूने दिसणारं रूप, पिक्सेल-चित्रात काढताना दोन फोटो एकमेकांशी जुळत नाहीयेत, असं तुम्ही म्हणताय. ते जुळणार नाहीतच. नाव आणि डी-६२७ हा क्रमांक तोच असला, तरी हे जहाज आयुष्यात दोन वेगवेगळ्या रूपांत वावरलंय.

१९५७ साली ते फ्रेंच नौदलात आलं तेव्हा त्यावर १२७ मिमीच्या जोडतोफांचे तीन टरेट (फिरते तोफ-बुरूज) होते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्याला पाणबुडीविरोधी केलं गेलं. जुने टरेट गेले, १०० मिमीच्या दोन एकेरी तोफा आल्या, मालाफोन या पाणबुडीविरोधी क्षेपणास्त्राचा लाँचर आला, मागे पाण्यात सोडायचा सोनार (आवाजाच्या लहरींनी पाणबुडी शोधणारं यंत्र) आला. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, तीसुद्धा बदलली, कारण तिच्याखाली नवा सोनार बसवायचा होता. म्हणून आधी साल पक्कं करा आणि त्या काळाबाहेरचे फोटो बाजूला ठेवा. नुसतं 'टी-४७' (हा या जहाजाचा वर्ग) लिहिलेल्या फोटोवर तर अजिबात विसंबू नका. या वर्गातली जहाजं बारा. त्यांतल्या चारांवर टार्टर ही विमानविरोधी क्षेपणास्त्रं चढली, तीन ताफ्याच्या कमांडसाठी बदलली.

१९८८ नंतरचं रूप निवडलंत तर सोपं जाईल. जहाज तेव्हापासून नांतला, लुआर नदीच्या धक्क्याला संग्रहालय म्हणून उभं आहे. पण धक्क्यावरून काढलेले फोटो मापासाठी घेऊ नका. तिथून जवळचा भाग फुगतो, टोकं आखडतात. समोरच्या काठावरून, लांब लेन्सने, जहाजाच्या बरोबर मध्यासमोरून काढलेला फोटो शोधा. तो वॉटरलाइनवर (पाणी जहाजाला टेकतं ती रेघ) सरळ करा आणि उंचीची सगळी मापं तिथूनच वर मोजा, डेकपासून नको. डेकची रेघ नाळेकडे चढत जाते. मी पहिल्या वेळी तिच्यावरून मोजलं आणि डोलकाठी जवळजवळ मीटरभर उंच झाली.

स्केलला १ पिक्सेल = १० सेंमी घ्या. मूळ रूपाची लांबी १२८.६ मीटर, म्हणजे १,२८६ पिक्सेल. आता कठड्याचं बघा: त्याची तार बोटाएवढीही जाड नसते, पण तुमच्या चित्रात ती १० सेंमीचा पाइप होते. ती काळ्याने काढलीत तर अख्खा डेक पिंजऱ्यात अडकल्यासारखा दिसेल. मागच्या रंगापेक्षा जेमतेम एक छटा गडद राखाडी घ्या. अँटेनाच्या तारांनाही तेच. काळी रेघ फक्त जहाजाच्या बाहेरच्या कडेला ठेवा.

नाळेपासून पहिल्या तोफेपर्यंतचा तुकडा आधी काढून इथे टाका. तेवढा बरोबर आला की पुढचं धुराड्यापर्यंत मी सोबत तपासतो.