वाकळ अंगावर घ्यायची असते

प्रिय बाय,

फोटो मिळाला. वाकळ छान झाली आहे, ते तुलाही ठाऊक आहे, तेव्हा कौतुकात वेळ घालवत नाही. पण ती फ्रेम करून पणजीच्या कॅफेत टांगू की कपाटात जपून ठेवू, असं तू विचारलंस आणि माझं डोकंच फिरलं. अगं, वाकळ अंगावर घ्यायची असते. एवढं मनात पक्कं केलंस तर तुझे निम्मे प्रश्न विचारावेच लागणार नाहीत.

मोठी कमळं साटिनच्या टाक्याने भरू का, म्हणतेस. नको. तो लांब टाका पायातल्या जोडव्यात अडकतो आणि एक धागा ओढला गेला की अख्ख्या पाकळीला चुण्या पडतात. गाठीचे टाके गालाला टोचतात. आरशांचं तर नावच काढू नकोस. साखळी घाल, उलटी टीप घाल, काठाला काजटाका घाल. लडीत सहा पदर असतात, त्यातले दोनच घे. सगळे सहा जुन्या लुगड्यातून ओढशील तर त्याची चाळण होईल.

आत कापूस भरायचा म्हणतेस तोही नको. आषाढात आपल्याकडे साधा टॉवेल वाळत नाही, तिथे कापसाची जाड गोधडी कधी वाळणार? आधी कुबट वास, मग काळे ठिपके. आत दोन जुन्या सुती साड्या पुरतात. मागवलेलं नवंकोरं कापड कापून तुकडे जोडण्याची हौस मला कधी कळली नाही, पण करायचंच असेल तर आधी भिजत घालून खळ काढ. नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटेल, सांधे ओढले जातील आणि लाल रंग पांढऱ्यावर उतरेल.

एकदा कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडे जाऊन ये. तिथल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात, म्हणजे त्यांची वाकळच. त्यांच्या पूर्वजांपैकी बऱ्याच जणांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं. काठापासून सुरुवात करून त्या चारी बाजूंनी आत आत येत जातात आणि कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून फुलं बसवतात. सुई धरलेला हात नको बघूस, कापडाखालचं दुसऱ्या हाताचं बोट बघ. सुईचं टोक त्या बोटाला लागलं, म्हणजे सगळे थर धरले गेले. त्या कवंद्या आता प्रदर्शनांतही जातात, जाऊ देत. शिवल्या होत्या त्या मात्र पोरांना झोपवायला.

आणि ते पोर्तुगीज! 16व्या-17व्या शतकात बंगालमध्ये टसर रेशमाने भरतकाम केलेल्या रजया त्यांनी जहाजांतून नेल्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये तसली एक आहे. भरतकाम पाहून जीव हरखतो, पण आता तिच्याखाली कोण झोपणार?

माझ्या आजीच्या हातची एकही वाकळ माझ्याकडे उरलेली नाही. हळहळ वाटते, खोटं कशाला बोलू? धावदोरा मी तिच्या मांडीला मांडी लावून शिकले, शाळेत जायच्याही आधी. तिची वाकळ आम्ही भावंडांनी ओढून ओढून विरवली. आईने तीच आत घालून वरून नवं लुगडं शिवलं. तेही विरलं, त्याची दुपटी झाली, शेवटी पायपुसणी. घरचे अजून म्हणतात, एक तरी जपायला हवी होती. काय जपणार होतो? पाटीवर ‘हात लावू नये’ लिहिणार होते, म्हणून एका प्रदर्शनाला मी सरळ नाही म्हटलं. हट्टी म्हणतात मला, म्हणोत. माझ्या वाकळींवर तापातली पोरं ओकली आहेत, धुऊन उन्हात टाकल्यावर त्याच पुन्हा त्यांच्या अंगावर गेल्या आहेत. मला तेवढं पुरलं. दुकान काढलं असतं तर पैसे झाले असते, हे काय मला कळत नाही?

तू विक, जरूर विक. आईवडिलांवर किती दिवस राहशील? सुताचे, कापडाचे आणि दिवसांचे पैसे धरून भाव सांग, घासाघीस करणाऱ्याला चहा पाजून वाटेला लाव. पण गिऱ्हाईक ‘भिंतीवर लावणार’ म्हणालं तरी शिवताना तू झोपणाऱ्याचाच विचार कर. वाकळ अंगावर घ्यायची असते, आता पुन्हा सांगायला लावू नकोस.

चवथीआधी एखाद्या रविवारी ये. पुढच्या वाकळीचे थर पसरून कच्चा टाका दोघी मिळून घालू, एकटीने केलंस की कोपरे सरकतात. तुझी कात्री आणू नकोस, बोथट आहे.

तुझी,
मावशी