क्षीण बल नेमकं ढकलतं काय?

निसर्गातल्या चार मूलभूत बलांची ओळख करून देणाऱ्या एका लेखातलं हे वाक्य एका शिक्षिकेला खटकलं : 'न्यूट्रॉनवर क्षीण बल लावलं जातं आणि त्याचा प्रोटॉन होतो.' त्या विचारतात, बल म्हणजे ढकलणं किंवा ओढणं असं आम्ही वर्गात शिकवतो. इथे कुणी कुणाला ढकलत नाही, मग याला बल का म्हणायचं? 'शक्ती' चालेल का? आणि हिंदी पुस्तकात 'दुर्बल' आहे, तर आपल्याकडे 'क्षीण' का?

'शक्ती' अजिबात नको. भौतिकशास्त्रात तो शब्द ठरलेला आहे : एका सेकंदात किती कार्य झालं त्याचं माप, म्हणजे वॅट किंवा अश्वशक्ती. बाकीच्या दोन प्रश्नांना मात्र सविस्तर उत्तर हवं, कारण त्या वाक्यात चुकलंय ते क्रियापद, 'बल' हे नाम नव्हे. आणि 'क्षीण' हा तर मराठी विज्ञानभाषेतला मला फार आवडणारा शब्द आहे.

आधी 'बल'. बोलताना आपण 'बळ' म्हणतो आणि ते कुणाच्या तरी अंगात असतं. बैलाच्या अंगात बळ, मनगटात बळ. मनुष्यबळ, पाठबळ हे शब्दही त्याच अर्थाचे. म्हणजे बळ हा एखाद्याचा गुण किंवा साठा. विज्ञानातलं 'बल' असं कुणाच्या मालकीचं नसतं, ते दोघांच्या मध्ये घडतं. पृथ्वी सफरचंदाला ओढते तेव्हा सफरचंदही पृथ्वीला तेवढंच ओढतं. न्यूटनचा तिसरा नियम तोच. जुन्या मराठी विज्ञानलेखनात याच अर्थाने 'प्रेरणा' शब्द होता. 'केंद्रोत्सारी प्रेरणा' ज्यांनी वाचलंय त्यांना तो आठवेल. 'बल' आला आणि रुळला, पण येताना 'बळा'ची सावली घेऊन आला. म्हणून 'क्षीण बल' ऐकल्यावर आपल्या डोळ्यांपुढे कुणीतरी अशक्त माणूस काहीतरी ढकलताना येतो.

चार बलं ती अशी : गुरुत्वीय, विद्युतचुंबकीय, प्रबळ आणि क्षीण. रोजच्या जगण्यात ज्याला आपण ढकलणं-ओढणं म्हणतो ते पहिल्या दोघांचंच काम. खाली पडणं गुरुत्वाचं. आणि दोरीचा ताण, ब्रेकचं घर्षण, स्नायूंचा जोर हे सगळं अणूंमधल्या विद्युतचुंबकीय बलाचं. प्रबळ बलाचा पल्ला अणुकेंद्रकापुरता, म्हणजे मीटरचे 1 वर 15 शून्यं इतके भाग केले तर त्यातल्या एखाद-दोन भागांएवढा. ते प्रोटॉनच्या आत क्वार्क नावाच्या मूलकणांना धरून ठेवतं, आणि त्याचाच उरलासुरला परिणाम केंद्रकातल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनना एकत्र बांधतो. म्हणजे या तिघांबद्दल 'ओढतं', 'धरतं' ही क्रियापदं निभावून जातात. क्षीण बलाशी आलं की ती तोकडी पडतात.

तिथे काय घडतं ते जवळून पाहू. न्यूट्रॉनमध्ये एक अप आणि दोन डाउन क्वार्क असतात. अप क्वार्कचा विद्युतभार अधिक दोन-तृतीयांश, डाउनचा उणे एक-तृतीयांश, बेरीज शून्य. केंद्रकाबाहेर मोकळा सुटलेला न्यूट्रॉन सरासरी पंधरा मिनिटांच्या आत संपतो. त्याच्यातल्या एका डाउन क्वार्कचा अप क्वार्क होतो. आता दोन अप आणि एक डाउन, बेरीज अधिक एक : हा झाला प्रोटॉन. भाराचा हिशोब जुळावा म्हणून एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो आणि त्याच्यासोबत एक प्रतिन्यूट्रिनो, म्हणजे न्यूट्रिनो या अतिशय हलक्या, भार नसलेल्या कणाचा प्रतिकण. यालाच बीटा क्षय म्हणतात. आपल्या शरीरातल्या पोटॅशियममध्ये थोडासा पोटॅशियम-40 असतो, त्यामुळे हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात दर सेकंदाला असे काही हजार क्षय होत आहेत.

या सगळ्यात कुणी जागचं हललं म्हणून काही घडलं नाही. एका जातीचा कण दुसऱ्या जातीचा झाला. क्वार्कची जात बदलण्याचं हे काम बाकीच्या तिन्ही बलांना जमत नाही.

मग याला बल म्हणायचं कशासाठी? कारण आत जाऊन पाहिलं तर यंत्रणा एकच आहे. दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर सारतात तेव्हा त्यांच्यात फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या कणांची, देवघेव होते. प्रबळ बलात ग्लुऑनची. क्षीण बलात डब्ल्यू आणि झेड या कणांची. डाउन क्वार्क अप होताना डब्ल्यू बाहेर टाकतो आणि त्या डब्ल्यूतून इलेक्ट्रॉन व प्रतिन्यूट्रिनो निघतात. (ही देवघेव समजावताना दोघांनी चेंडू फेकाफेकी करण्याचा दाखला नेहमी दिला जातो. दूर सारण्यापुरता तो ठीक आहे, पण त्याने आकर्षणच उलगडत नाही, मग रूपांतर कुठून उलगडणार? वर्गात तो टाळलेला बरा.) देवघेवीचा परिणाम कधी ढकलणं, कधी बांधून ठेवणं, कधी रूप बदलणं. शास्त्रज्ञ आपापसात बोलताना म्हणूनच 'फोर्स'पेक्षा 'इंटरॅक्शन' शब्द जास्त वापरतात. मूळचा घोटाळा इंग्रजीतही आहेच. आपण तो अनुवादात उचलला.

इंटरॅक्शनला मराठीत 'आंतरक्रिया', 'अन्योन्यक्रिया' आणि 'परस्परक्रिया' असे तीन शब्द फिरतात. 'आंतरक्रिया'मध्ये 'आतली क्रिया' असा भास होतो. 'अन्योन्य' शुद्ध आहे, पण जिभेवर बसत नाही. माझा कौल 'परस्परक्रिया'ला. यावर कुणी म्हणेल, एकटा न्यूट्रॉन आपोआप फुटतो, त्यात परस्पर कोण? हा आक्षेप गंभीर आहे, पण त्याला उत्तर आहे. हीच क्रिया उलटीही होते : बाहेरून आलेला प्रतिन्यूट्रिनो प्रोटॉनवर आदळला तर न्यूट्रॉन आणि पॉझिट्रॉन (अधिक भाराचा इलेक्ट्रॉन) तयार होतात. फ्रेडरिक राइन्स आणि क्लाइड कॉवन यांनी 1956 साली अणुभट्टीजवळ नेमकं हेच पाहून न्यूट्रिनोचं अस्तित्व सिद्ध केलं. वोल्फगांग पाउली यांनी त्या कणाची कल्पना 1930 मध्ये मांडली होती. म्हणजे क्षय आणि धडक या एकाच क्रियेच्या दोन बाजू; न्यूट्रॉन, प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनो या चौघांचं ते आपसातलं नातं आहे. 'परस्पर' शब्द तिथे व्यवस्थित बसतो.

आता 'क्षीण'. हे बल क्षीण म्हणावं असं वागतं, यात शंका नाही. सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो आपल्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला सुमारे 60 अब्ज या प्रमाणात आरपार जातात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही, कारण त्यांना गुरुत्व सोडलं तर फक्त क्षीण बलच ठाऊक. त्यांना पकडायला खोल जमिनीखाली जावं लागतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसोबत 1965 मध्ये वातावरणात तयार झालेले न्यूट्रिनो टिपले ते कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून जास्त खोलीवर. सूर्याचंही तसंच. दोन प्रोटॉन एकत्र येऊन ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) बनायचं, तर त्यातल्या एकाचा न्यूट्रॉन व्हावा लागतो आणि ते काम क्षीण बलाचं. सूर्याच्या गाभ्यात एका प्रोटॉनवर ही पाळी यायला सरासरी अब्जावधी वर्षं लागतात. सूर्य एवढा सावकाश जळतो त्याचं हे मोठं कारण.

पण हे बल मुळात दुबळं आहे का? नाही, आणि इथेच शब्दाची निवड महत्त्वाची ठरते. क्वार्क किंवा इलेक्ट्रॉन डब्ल्यू कणाशी ज्या जोमाने जोडला जातो, तो जोम फोटॉनशी जोडल्या जाणाऱ्या जोमापेक्षा कमी नाही, उलट जास्तच आहे. अडचण डब्ल्यूच्या वजनाची आहे. फोटॉनला वस्तुमान नाही; डब्ल्यू प्रोटॉनच्या पंचाऐंशी पट जड. ज्याची देवघेव होते तो वाहक कण जितका जड तितका बलाचा पल्ला तोकडा, हे हिदेकी युकावा यांनी 1935 मध्येच मांडलं होतं. त्यामुळे क्षीण बलाचा पल्ला प्रोटॉनच्या आकाराच्याही हजाराव्या हिश्श्याएवढा उरतो. ऊर्जा पुरेशी वाढवली की हा फरक मिटत जातो आणि विद्युतचुंबकीय व क्षीण ही एकाच बलाची दोन रूपं म्हणून समोर येतात. या सिद्धांतासाठी ग्लॅशो, सलाम आणि वाइनबर्ग यांना 1979 चं नोबेल मिळालं. डब्ल्यू आणि झेड हे कण 1983 मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत प्रत्यक्ष सापडले.

'दुर्बल' म्हणजे ज्याच्यात बळच नाही. शिवाय 'दुर्बल बल' हे कानालाही चमत्कारिक लागतं. 'क्षीण' हे संस्कृतातल्या 'क्षि' म्हणजे झिजणे या धातूचं भूतकाळवाचक रूप : झिजलेलं, उतरलेलं. दिवा क्षीण होतो, आवाज क्षीण होतो, म्हणजे तो आधी तसा नव्हता. या बलाचंही हेच आहे. मुळात जोम होता, वाहकाच्या जडपणाने तो आपल्यापर्यंत पोचेस्तोवर उतरला. आणि 'क्षय' हा शब्दही याच धातूचा. बीटा क्षय घडवणारं ते क्षीण बल. ज्यांनी शब्द योजला त्यांच्या मनात एवढं सगळं असेल असा माझा दावा नाही, पण जुळून आलेलं आहे आणि ते जपावं.

जाता जाता, यादीतल्या तिसऱ्या बलाला काही ठिकाणी 'तीव्र' म्हणतात. मी 'प्रबळ' लिहितो. 'तीव्रता' हा शब्द ध्वनी, प्रकाश, चुंबकीय क्षेत्र यांच्या मापासाठी आधीच गुंतलेला आहे.

तर ताई, चौघांची नावं सांगताना 'क्षीण बल' खुशाल म्हणा, ते रूढ आहे. प्रक्रिया समजावताना 'क्षीण परस्परक्रिया' म्हणा. 'बल लावणे' हे क्रियापद मात्र गाडी ढकलणाऱ्यासाठी राखून ठेवा. न्यूट्रॉनवर क्षीण बल कुणी लावत नाही. त्या लेखातलं वाक्य मी असं लिहीन : 'क्षीण परस्परक्रियेमुळे न्यूट्रॉनचं प्रोटॉनमध्ये रूपांतर होतं आणि इलेक्ट्रॉन व प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात.'