टास्कबारची मागणी कुठं करायची?

प्रश्न : विंडोजमधे काही बदल हवेत, टास्कबार (स्क्रीनच्या तळाशी चालू प्रोग्रॅमचे आयकॉन दाखवणारी पट्टी) बाजूला उभा हवा, मराठी टायपिंग सोपं हवं. सांगायचं कुणाला आणि ऐकतं का कोणी?

उत्तर : मायक्रोसॉफ्टवाले ऐकतात हो, पण वेळ लागतो. २०२१ मधे विंडोज ११ आली तेव्हा टास्कबारवर एकाच प्रोग्रॅमच्या सगळ्या विंडो एका आयकॉनखाली गेल्या, नावं दिसेनात, एक्सेलच्या चार फायली उघड्या असल्या की हवी ती कुठली ते माउस नेऊन बघत बसा. लोकांनी मागणी लावून धरली आणि २०२३ मधे नावं परत आली. टास्कबारच्या सेटिंगमधे, बटणं एकत्र करायच्या पर्यायात, 'नेव्हर' निवडा.

तुमची मागणी नोंदवायला विंडोजचं बटण आणि एफ एकत्र दाबा, फीडबॅक हब हे मागण्या नोंदवायचं ॲप उघडतं. नवीन लिहिण्याआधी तीच मागणी आधी कुणी केलीय का शोधा आणि तिलाच मत द्या, दहा सुट्या नोंदी विखरून जातात. आणि मोघम लिहू नका हं, स्क्रीन रुंद आहे पण उंची कमी पडते म्हणून टास्कबार बाजूला हवा, असं कारण सांगा.

मराठीचं काम तर झालेलंच आहे! २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमधेच मिळतो, भाषेच्या सेटिंगमधे मराठी घाला आणि तो निवडा, रोमन अक्षरं टाइप केली की देवनागरी उमटतं.