पेंडीच्या आयातीला परवानगी म्हणजे जीएम बियाण्याला परवानगी नव्हे

पेरणी तोंडावर आली की फोनवर आणि गावबैठकीत त्याच शंका पुन्हा येतात. यंदा बहुतेकांच्या मुळाशी जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या, सोयाबीनच्या आयातीची अर्धवट बातमी आहे. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे देत आहे.

प्रश्न : ‘सरकारने जीएम सोयाबीन आणायला मंजुरी दिली, आता पेरायलाही चालते’ असे सांगून आमच्या कृषी केंद्रवाल्याने तणनाशक मारले तरी न जळणारे सोयाबीन बियाणे देऊ केले आहे. पिशवी साधी आहे, भाव नेहमीच्या दुप्पट. घ्यावे का? (ता. औसा)

उत्तर : घेऊ नका. फुकट दिले तरी घेऊ नका.

मंजुरी कशाला मिळाली होती ते आधी समजून घ्या. २०२१ च्या पावसाळ्यात लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेले. पेंड महागली, कोंबडी खाद्य महागले आणि पोल्ट्रीवाल्यांनी दिल्लीत ओरड केली. त्यावर ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंड आणू दिली. ही पेंड म्हणजे दाणा भरडून, तेल काढून उरलेली डीओसी. ती उगवत नाही. पेंडीत सजीव काहीच नाही, म्हणून आमची हरकत नाही, असे पर्यावरण मंत्रालयाने सांगितले आणि विदेश व्यापार महासंचालनालयाने अधिसूचना काढली. टन ठरलेले होते, मुदत ठरलेली होती, कोणत्या बंदरातून माल उतरवायचा तेही ठरलेले होते. न्हावा शेवा त्यात होते. बियाण्याबद्दल त्या कागदात एक शब्द नाही. अर्जेंटिना-ब्राझीलहून येणारे सोयातेल असेच आहे. तेल येते, बी येत नाही.

पेरायची परवानगी ही वेगळी गोष्ट आहे आणि तिचा रस्ता फार लांबचा आहे. पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांनुसार जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीकडे, म्हणजे जीईएसीकडे जावे लागते. वर्षानुवर्षे चाचण्या होतात, मग निर्णय. या रस्त्याने शेतकऱ्याच्या शेतापर्यंत आजवर एकच पीक पोहोचले, ते बीटी कापूस, २००२ साली. बीटी वांगे २०१० पासून थांबलेले आहे. जीएम मोहरीला समितीने २०२२ मध्ये शिफारस दिली, पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात अडकले. तणनाशक सहन करणाऱ्या सोयाबीनला भारतात पेरणीची मान्यता नाही. दुकानदार काहीही सांगो, नाही.

आता शेतात काय होते ते सांगतो, कारण अशी शेते मी पुष्कळ पाहिली आहेत. साध्या पिशवीतले ते बी बहुतेक वेळा जीएम नसतेच. बाजारातले साधे सोयाबीन चाळून, रंग लावून भरलेले असते. शेतकरी विश्वासाने ग्लायफोसेट हे तणनाशक मारतो आणि आठ-दहा दिवसांत तणाबरोबर पीकही पिवळे पडून बसते. काही ठिकाणी भेसळीमुळे पाच झाडे उभी, पंचवीस आडवी. मग माणूस दुकानात जातो. दुकानदार म्हणतो, ‘मी कुठे विकले? बिल दाखवा.’ बिल नसते. टॅग नसतो, लॉट नंबर नसतो. कृषी विभागाचे आमचे पथक आले तरी तक्रार कोणाविरुद्ध लिहायची? पेरणीची वेळ गेलेली, पैसे गेलेले.

त्यात ग्लायफोसेटच्या फवारणीवर केंद्राने २०२२ मध्ये निर्बंध घातले आहेत आणि उभ्या सोयाबीनवर मारण्याची शिफारस कधीच नव्हती. तरी ‘पंपाला दीडपट घाला, रिझल्ट येतो’ असे सांगणारे दुकानदार गल्लोगल्ली आहेत. दीडपट मात्रेने त्यांची बाटली लवकर संपते, एवढाच रिझल्ट.

यावर माझा एकच आग्रह आहे आणि तो मी प्रत्येक गावात धरतो : घरचे बियाणे ठेवा. सोयाबीन हे सरळ वाणाचे, स्वपरागीकरणाचे पीक आहे. एकदा प्रमाणित बियाणे आणले की पुढची दोन वर्षे तुमचेच बी चालते. फुले संगम, फुले किमया, एमएयूएस ६१२, जेएस ३३५, यातले तुमच्या रानाला जमलेले घ्या. उगवण तपासा. शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा, सातव्या दिवशी मोजा. सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो पुरते. साठ उगवले तर ३५ किलो लागेल. साठच्या खाली असेल तर ते बी नाही, धान्य आहे, विकून टाका. यंदा बियाण्यासाठी मळताना यंत्राचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० ठेवा, थप्पी उंच लावू नका, पोते वरून आपटू नका. सोयाबीनचे साल पातळ असते, आपटलेला दाणा वरून चांगला दिसतो आणि उगवत नाही. ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पहिल्या शिडकाव्यावर पेरून दुबार पेरणीला आलेल्यांना मी दरवर्षी भेटतो.

विकतच घ्यायचे असेल तर पक्के बिल, त्यावर लॉट नंबर, पिशवीला टॅग. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा असतो. पिशवी, टॅग आणि मूठभर बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा.

प्रश्न : मग तणाचे काय करायचे? मजूर मिळत नाही. (ता. रेणापूर)

उत्तर : मान्यताप्राप्त औषधे आहेत. उगवणीनंतर इमाझेथापायर १० टक्के, एकरी ४०० मिली, पेरणीनंतर १५ ते २० दिवसांत, तण दोन-तीन पानांवर असताना, जमिनीत ओल असताना. महिन्याने मारले तर तण मरत नाही, फक्त पीक पिवळे पडते. मग दुकानदार ‘डोस वाढवा’ म्हणतो. वाढवू नका. जादा मात्रेचा अंश जमिनीत राहतो आणि रब्बीच्या ज्वारीला, मोहरीला मार बसतो. कीटकनाशक, विद्राव्य खत आणि तणनाशक एकाच टाकीत ढवळून मारणेही बंद करा. तो दुकानदाराचा काढा आहे, कोणत्याही विद्यापीठाची शिफारस नाही. शक्य तिथे रुंद वरंबा-सरीवर पेरा, मधून कोळपे चालते.

प्रश्न : आमच्या चार गायी आहेत. जीएम पेंड खाल्ल्याने दूध बाधते असे ऐकले. पेंड बंद करावी का? (एक महिला पशुपालक, ता. निलंगा)

उत्तर : ताई, बंद करू नका. तुमच्या गायी सरकी पेंड खात असतील तर ती बीटी कापसाचीच आहे, कारण राज्यातला जवळपास सगळा कापूस बीटी आहे. जनुक आणि त्याचे प्रथिन पोटात इतर प्रथिनांसारखेच पचते. खरी भीती बुरशीची आहे आणि तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. ओलसर, काळपट, कुबट वासाच्या पेंडीत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष तयार होते आणि ते दुधात उतरते. असे पोते परत करा, ‘उन्हात टाकले की चालते’ हे ऐकू नका. उन्हाने वास जातो, विष जात नाही.

दुसरे, सरकी पेंड दिवसाला तीन किलोच्या पुढे नको आणि चार महिन्यांखालच्या वासराला अजिबात नको, तिच्यातला गॉसिपॉल हा विषारी घटक लहान जनावराला सोसत नाही. तिसरे महत्त्वाचे : घरचे कच्चे सोयाबीन भरडून थेट घालू नका. भाजलेले किंवा डीओसीच घाला. आणि कच्च्या सोयाबीनबरोबर युरियायुक्त खाद्य कधीच नको. कच्च्या दाण्यातल्या घटकामुळे युरियाचा अमोनिया झपाट्याने सुटतो आणि जनावर तासाभरात दगावू शकते. ‘दुधाला ताकद येते’ म्हणून असे मिश्रण सुचवणाऱ्याला दारात उभे करू नका. डीओसी घेताना पोत्यावर प्रथिनांचे प्रमाण छापलेले बघा. ४४ टक्क्यांच्या भावात भुसा मिसळलेला माल सर्रास विकला जातो.

प्रश्न : आयातीची बातमी आली की व्यापारी भाव पाडतात. लगेच विकावे की थांबावे? (ता. अहमदपूर)

उत्तर : २०२१ चेच बघा. आयातीची घोषणा आणि नवा माल एकत्र आले आणि भाव सहा हजारांच्या आसपास उतरले. ज्यांनी ओला माल घाबरून दिला ते बुडाले. मार्च २०२२ पर्यंत भाव पुन्हा सात हजारांच्या वर होता. दरवर्षी असेच होईल असे मी म्हणत नाही. अलीकडे मका आणि तांदळाच्या इथेनॉलमधून निघणारा चोथा, डीडीजीएस, खाद्य कारखान्यांना स्वस्तात मिळतो, त्यामुळे पेंडीची मागणी देशातच घटली आहे. म्हणून सगळा माल धरून बसू नका, सगळा एकदम देऊही नका. काढणीनंतर वाळवून ओलावा १२ टक्क्यांवर आणा, निकड असेल तेवढा विका.

उरलेल्यासाठी बाजार समितीची शेतमाल तारण योजना : किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम, ६ टक्के व्याज, मुदत सहा महिने. सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ हंगामासाठी क्विंटलला ५,३२८ रुपये, त्यासाठी खरेदी केंद्रावर ऑनलाइन नोंदणी हवी. सातबारावर पीकपेऱ्याची नोंद असू द्या, ई-पीक पाहणी वेळेत करा. नोंद नसेल तर केंद्रावरून परत यावे लागते.

साध्या पिशवीतले बियाणे कोणी विकत असेल तर तालुका कृषी कार्यालयात पिशवी घेऊन या. तुमचे नाव बाहेर जाणार नाही.