मूत्रपिंडाचा भाग काढताना रक्तस्राव कसा आवरावा
क्लॅम्प (धमनी तात्पुरती बंद करणारा चिमटा) लावण्यापूर्वी सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारे स्कॅन) स्वतः पाहा, कारण सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लोकांत मूत्रपिंडाला एकाहून अधिक धमन्या असतात आणि त्यांतली एक जरी निसटली, तरी मुख्य धमनी बंद असूनही छेदाचा तळ रक्ताने भरत राहतो. रक्तपुरवठा शक्यतो 25 मिनिटांहून अधिक काळ बंद ठेवू नये. तळातील उघड्या रक्तवाहिन्या सलग टाक्याने शिवून झाल्या, की मी लगेच क्लॅम्प सोडतो आणि जिथून रक्त उसळते, तिथेच पुढचा टाका घेतो. मूत्रपिंडाचा बाहेरचा थर टाक्याच्या धाग्यावर क्लिप सरकवून आवळताना ऊती चिरू लागली, तर हात आखडावा. रक्तरोधक जेलवर, खरे सांगायचे तर, माझी फारशी भिस्त नाही. दुर्बिणीची शस्त्रक्रिया असल्यास शेवटी पोटात भरलेल्या वायूचा दाब उतरवून पाहा. त्या दाबाखाली शिरांचा स्राव लपून राहतो.