हा प्रसंग कोणी काढला?

प्रश्न : जुन्या ॲनिमेशनपटांवर स्टुडिओमालकाचंच नाव मोठं असतं. प्रत्यक्ष चित्रं काढणारे कोण होते? इतक्या हातांमधून एकाचं काम ओळखता येतं का?

उत्तर : येतं. फक्त रेषेवरून ओळखायला जाऊ नका. पात्र सगळ्यांच्या हातून सारखंच उतरावं म्हणून स्टुडिओ त्याचा ठरलेला नमुना, मॉडेल शीट, प्रत्येकाला देई. कलावंताची ओळख पटते ती पात्राच्या हालचालीत. मी ॲनिमेशन शिकवते, आणि माझ्या वर्गात पहिलं नाव निघतं डिस्ने स्टुडिओतल्या बिल टायटला या ॲनिमेटरचं. 'फँटेशिया'त (१९४०) डोंगरमाथ्यावर पंख उघडणारा तो अक्राळविक्राळ सैतान त्याचा. त्यासाठी बेला लुगोसी या नटाला बोलावून त्याच्या हालचालींचं चित्रीकरण केलं होतं, पण टायटलाचं समाधान झालं नाही. शेवटी त्याने त्या भागाचा दिग्दर्शक विल्फ्रेड जॅक्सन यालाच उघड्या अंगाने कॅमेऱ्यापुढे उभं केलं!

पुढच्याच वर्षी 'डम्बो'त आंघोळ करताना आईच्या पायांमधून पळणारं हत्तीचं पिल्लू आलं, तेही त्याचंच. ते त्याने स्वतःच्या लहानग्या मुलाकडे बघून रंगवलं. सैतान आणि तान्हुलं, दोघांच्याही अंगाला वजन आहे. मन आधी हलतं, मग शरीर. हीच टायटलाची खूण. १९४१मध्ये डिस्नेच्या कलावंतांनी केलेल्या संपात तो सामील झाला आणि १९४३मध्ये त्याने डिस्ने सोडलं. तो तिथे आणखी काही वर्षं राहता तर काय काय बघायला मिळालं असतं, या विचाराने मला आजही हळहळ वाटते.

डिस्नेचाच दुसरा ॲनिमेटर फ्रँक थॉमस, त्याची रीत अगदी वेगळी. 'हिमगौरी आणि सात बुटके'मध्ये (१९३७) हिमगौरीच्या निश्चल देहाभोवती बुटके रडतात, तो प्रसंग त्याचा. तिथे तो पात्रांना जवळजवळ हलूच देत नाही, अश्रू तेवढे ओघळतात. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे पडद्यावरची २४ चित्रं, हाताशी असताना असं थांबायला फार धीर लागतो.

रेटा स्कॉटचं नाव मात्र आवर्जून लक्षात ठेवा. 'बाम्बी'त (१९४२) हरिणीवर तुटून पडणारी शिकारी कुत्री तिची. डिस्नेच्या चित्रपटात ॲनिमेटर म्हणून श्रेयनामावलीत झळकलेली ती पहिली स्त्री. बाकी असंख्य मुली शाई-रंगाच्या विभागात सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यांवर रेषा गिरवत आणि रंग भरत. त्यांची नावं पडद्यावर येत नसत.

आता 'डम्बो'तला तो आंघोळीचा प्रसंग आवाज बंद करून बघा. पिल्लाच्या सोंडेकडे बघू नका, आईचे पाय कसे जपून उचलले जातात ते बघा.